चार सेकंद उशिरा

६ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. रोज म्हणजे रोज. कोणाला दाखवायची नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

संकल्प: पहाटे साडेपाचला उठणे. घशासाठी चहा बंद. घड्याळजींवर न चिडणे.

दुपारी दाढ दाखवायला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर आमच्या रेडिओ नेटवर्कचे अध्यक्षही आहेत, त्यामुळे आमच्या मीटिंगा बहुतेक तिथेच होतात. मी खुर्चीत आ करून, ते दिवा लावून माझ्या तोंडात. म्हणाले, नेटवर्क आता थकलं. एके काळी आपली सहा केंद्रं होती, आता आपलं एक आणि नदीपलीकडचं एक. ऐकतंय कोण? गाण्यांची एक मोठी कंपनी आपली फ्रिक्वेन्सी घ्यायला तयार आहे. माणसं नकोत त्यांना, कॉम्प्युटर गाणी लावेल. तीस तारखेला विश्वस्तांचं मतदान.

मी कडाडून विरोध केला. तोंडात कापूस आणि नळी असल्यामुळे शब्द नीट उमटले नसतील, पण डोळ्यांत अंगार होता. डॉक्टरांनी विचारलं, दुखतंय का.

चूळ भरल्यावर स्पष्ट सांगितलं. 'उजाडलं का?' हा माझा सकाळी सात ते नऊचा कार्यक्रम एकतीस वर्षं चालू आहे आणि तो ऐकल्याशिवाय हजारो लोक घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. डॉक्टर म्हणाले, हजारो राहू देत. शंभर माणसं एका हॉलमध्ये आणून दाखवा, मी कंपनीच्या विरोधात मत देतो. आणि डॉक्टरांचं मत म्हणजे बाकीच्या चौघांचंही मत, कारण चौघांचे दात त्यांच्याच हातात आहेत.

शंभर! मनातल्या मनात हसलो. वरून हसता येत नव्हतं, अर्धा गाल बधिर होता.

७ ऑक्टोबर, मंगळवार

उठलो साडेसहाला. गजर वाजला होता म्हणे. धावतपळत स्टुडिओ. चहा अर्धाच कप घेतला, तोही घसा शेकण्यासाठी.

ठरलं. रविवार, २६ ऑक्टोबर, सकाळी दहा वाजता, शाळेच्या हॉलमध्ये श्रोत्यांचा महामेळावा. खुर्च्या तीनशे सांगितल्या. मांडववाल्यानं दोनदा विचारलं, तीनशे ना? त्याचाही विश्वास बसत नसणार की एवढ्याशा जागेत माझं भागेल.

सात वाजून पाच मिनिटांनी घड्याळजींचा फोन. जुन्या बाजारात यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. आमच्याकडे सातचे सहा बीप कॉम्प्युटर देत नाही. मी स्वतः स्टुडिओतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बटण दाबतो. ही आमची परंपरा. आणि गेली नऊ वर्षं हा मनुष्य रोज फोन करून सांगतो की बीप चार सेकंद उशिरा झाले. वर म्हणतो, तुमचं घड्याळ घेऊन या, फुकट करून देतो. म्हणजे आमचंच चूक! अरे, चार सेकंदांत कोणाची आगगाडी चुकते?

मेळाव्याचे तीन आठवडे डोकं शांत हवं. टेलिफोनवाल्या बाईंना सांगून टाकलं की घड्याळजींचा फोन आला तर साहेब रेकॉर्डिंगमध्ये आहेत म्हणायचं. बाई विणकाम करत होत्या. टाके मोजून झाल्यावर बरं म्हणाल्या.

८ ऑक्टोबर, बुधवार

इंजिनिअर आजपासून रजेवर. मुलगी बाळंतीण झाली, नातू बघायला गेला. सत्तावीसला येणार. आमचा ट्रान्समीटर टेकडीवर, आणि तिथे जाणारा हा एकटाच.

जाताना उगाच लांबण लावली. स्टुडिओतल्या स्पीकरला एक खटका आहे. वर केला की हवेतून फिरून आलेला आवाज ऐकू येतो, म्हणजे लोकांना घरी ऐकू येतो तो. खाली केला की माइकमधून थेट येणारा. म्हणाला, साहेब, खटका वरच ठेवा. आणि कपाटावरचा लाल दिवा लागला तर... पुढे बरंच काही म्हणाला. मी तेव्हा मेळाव्याच्या भाषणाची पहिली ओळ जुळवत होतो. शेवटी त्यानं एका कागदावर अकरा सूचना लिहून दिल्या. कागद ड्रॉवरमध्ये जपून ठेवला आहे.

भाषणाची पहिली ओळ: मंडळी, उजाडलं! (टाळ्यांसाठी थांबणे.)

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज मेळाव्याची पहिली घोषणा केली. छान झाली, पण हवेतून येणाऱ्या आवाजात खरखर फार. माझा आवाज भजी तळल्यासारखा ऐकू येत होता. नऊ वाजता खटका खाली केला. काय सांगू! मखमल! एकतीस वर्षं मी स्वतःवर अन्याय करत होतो. आता खटका खालीच राहील.

दुपारी वीज गेली, दहा मिनिटांनी आली.

संध्याकाळी जेवताना हिला आजचा कार्यक्रम थोडक्यात सांगितला. पाऊण तास लागला. कसा झाला म्हणून विचारलं. छान, म्हणाली. ही एकही दिवस चुकवत नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

कपाटावर कालपासून एक लाल दिवा लुकलुकतोय. बोलताना सारखं लक्ष जातं. माझा ढाल स्वीकारतानाचा फ्रेममधला फोटो त्याच्यापुढे उभा केला. आता प्रसन्न वाटतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

महत्त्वाची नोंद. गुरुवारपासून एकही तक्रार नाही! एरवी आठवड्याला दोन-तीन तरी असतात: खरखर आहे, जाहिराती फार, तुम्ही गाण्यावर बोलता. आता शुकशुकाट. खटका खाली केल्याचा परिणाम. इंजिनिअर आल्यावर त्याला हे जरा सौम्य शब्दांत सांगावं लागेल, बिचाऱ्यानं पंचवीस वर्षं खटका उलटा ठेवला.

बाई म्हणाल्या, घड्याळजींचे फोन वाढलेत, दिवसाला दोन येतात, फार महत्त्वाचं आहे म्हणतात. मी म्हटलं, त्यांच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे चार सेकंद. आता कदाचित पाच झाले असतील.

१५ ऑक्टोबर, बुधवार

श्रोत्यांची उत्सुकता वाढवायला स्पर्धा जाहीर केली. पहिलं बरोबर उत्तर देणाऱ्याला छत्री. प्रश्न: आपल्या नेटवर्कचं तिसरं केंद्र कोणत्या वर्षी सुरू झालं? एकही फोन नाही. प्रश्न अवघड होता. आमचे श्रोते मनाचे हळवे आहेत, चुकीचं उत्तर द्यायला धजत नाहीत.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सोपा प्रश्न घेतला. आठवड्यात दिवस किती? एकही फोन नाही. अपमान वाटला असणार. माझीच चूक. जाणत्या माणसांना असलं विचारू नये.

छत्री घरी आणली. ही म्हणाली, बरं झालं, आपली मोडलीच होती.

१८ ऑक्टोबर, शनिवार

नदीपलीकडच्या केंद्राच्या बाईंचा निरोप: हल्ली तुमच्याकडून काहीच येत नाही, आम्ही इथे जुनी गाणी लावून वेळ भागवतो. मन भरून आलं. खरंच, किती दिवसांत त्यांची साधी विचारपूस केली नाही. सहा केंद्रांतून चार गेली, उरलेल्या दोघांनी तरी एकमेकांना धरून राहायला हवं. लगेच बिस्किटांचा पुडा आणि प्रेमाचं पत्र पाठवून दिलं.

साडेपाचला उठण्याचा संकल्प मेळाव्यानंतर. सध्या आवाजाला झोप हवी. चहा तीन कप.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आता चिंता वेगळीच. तीनशे खुर्च्या पुरतील का? गेले बारा दिवस सकाळी चार-चार वेळा घोषणा करतोय. एकेका श्रोत्यानं घरातलं एक माणूस आणलं तरी सहाशे. पोलीस चौकीत जाऊन गर्दी आवरायला माणूस मागितला. साहेबांनी विचारलं, कोण येणार आहे? म्हटलं, मी. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. आवाजावरून ओळख पटायला वेळ लागतो लोकांना. एक हवालदार द्यायचं कबूल केलं.

बाहेरच्या मैदानातही दोन कर्णे लावायला सांगितले. आत जागा न मिळालेल्यांनी हिरमुसून परत जाऊ नये.

डॉक्टरांना फोन करून म्हटलं, पुढच्या रांगेत तुमची खुर्ची राखून ठेवतो. म्हणाले, दाढ कशी आहे?

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज हवेवर जाहीर आवाहन केलं: ज्यांची घरं जवळ आहेत त्यांनी कृपया वाहनं आणू नयेत.

बाई म्हणाल्या, घड्याळजी स्वतः दारापर्यंत येऊन गेले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे रेकॉर्डिंग चालू आहे म्हटलं. त्यावर घड्याळजी म्हणे हसले, पण चांगलं हसले नाहीत. त्यांना म्हणावं, मेळाव्याला या. नऊ वर्षांचं वैर मोठ्या मनानं संपवू. बाईंनी तसा निरोप दिला.

हिला विचारलं, घोषणा कशी वाटते? छान, म्हणाली.

२६ ऑक्टोबर, रविवार, दुपारी दोन

लिहायचंच नव्हतं. पण रोज म्हणजे रोज.

नऊ वाजता हॉलवर. खुर्च्या तीनशे, अगदी ओळीत. साडेनऊला हवालदार आला, गर्दी कुठे आहे विचारू लागला. म्हटलं, येईल. पावणेदहाला ही आली, बाई विणकाम घेऊन आल्या. दहाला डॉक्टर आले आणि राखीव खुर्चीवर बसले. चिठ्ठी चिकटवून राखली होती मी ती खुर्ची. दोनशे नव्व्याण्णव मोकळ्या असताना.

सव्वादहा. साडेदहा. हवालदारानं टोपी काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवली. मी म्हटलं, रविवार आहे, लोक आरामात उठतात. डॉक्टर म्हणाले, साहजिक आहे. फार चांगला माणूस. तेच जास्त लागलं.

पावणेअकराला दार वाजलं. घड्याळजी! बारीक अंगाचे, डोळ्याला भिंग तसंच अडकवलेलं, काखेत रेडिओ. आजवर आवाजच ओळखीचा, माणूस पहिल्यांदा बघितला. मी मिठी मारायला पुढे झालो तर त्यांनी मध्ये रेडिओ धरला आणि सगळ्यांसमोर खटकन चालू केला. नुसती खरखर. काटा बोटानं हलवून दाखवला. आपलीच फ्रिक्वेन्सी.

म्हणाले, दहा तारखेपासून हे असं आहे. सतरा दिवस. सतरा वेळा सकाळचे सात वाजलेच नाहीत. सव्वीस फोन केले, दोनदा जिने चढून आलो. तुम्ही रेकॉर्डिंगमध्ये.

वहीत तारीखवार मांडलेलं होतं सगळं.

मी म्हटलं, अशक्य, मी रोज माझ्या कानांनी ऐकतोय. मग खटका आठवला. लाल दिवा आठवला. दिव्यापुढचा माझा फोटो आठवला. बसून घेतलं. खुर्ची मिळण्याची अडचण नव्हती.

दुपारी साडेतीन

थांबा. थांबा, थांबा.

म्हणजे मेळाव्याची घोषणा पहिल्या दिवसानंतर कोणाला ऐकूच गेली नाही! मग लोक येतील कसे? कोणी आलं नाही याचा अर्थ श्रोते नाहीत असा होतच नाही! उलट, हजारो लोक सतरा दिवस रेडिओपाशी कासावीस होऊन बसले असतील!

डॉक्टरांच्या घरी धावत गेलो. ते जेवून लवंडले होते. सगळं ऐकून घेतलं. बरोबर आहे, म्हणाले, न्याय व्हायला हवा. उद्या ट्रान्समीटर चालू करा, मंगळवार, बुधवार, गुरुवार तीन दिवस हवेवरून विचारा. आम्ही नव्हतो तेव्हा आमची आठवण ज्यांना झाली त्यांनी फोन करा म्हणावं. गुरुवारी दुपारी बारापर्यंत शंभर फोन आले तर माझा शब्द तोच.

शंभर! पहिल्या तासात होतील.

रात्री

हिला एक प्रश्न विचारायचा राहिला होता, तो विचारला. सतरा दिवस रेडिओ बंद होता, मग तू रोज छान कशाला म्हणत होतीस?

ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, स्वयंपाकघरातल्या रेडिओतले सेल तीन वर्षांपूर्वी संपले. घालायचे राहून गेले. तुम्ही रोज जेवताना सगळा कार्यक्रम परत करून दाखवता, मग दोनदा कशाला ऐकायचा?

एक मात्र खरं, तिला माझा आवाज मधल्या यंत्रांशिवाय आवडतो.

२७ ऑक्टोबर, सोमवार

इंजिनिअर आला, पेढे दिले, टेकडीवर गेला, एक बटण दाबलं, परत आला. चाळीस मिनिटं. ड्रॉवरमधला कागद काढून बघितला. सूचना क्रमांक एक: लाल दिवा लागला तर मला ताबडतोब फोन करा. सूचना दोन ते अकरा: वरीलप्रमाणे.

त्यानं खटका वर केला. मी नातवाचं नाव विचारलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

खरखरीसकट हवेत! आवाहन केलं. बाईंनी विणकाम बाजूला ठेवून पेन्सिल हातात घेतली.

फोन: एक. घड्याळजी. चार सेकंद उशीर, म्हणाले.

पहिला दिवस आहे. सतरा दिवसांत लोकांची रेडिओ लावायची सवय गेली असेल. उद्या कानोकानी पसरेल.

२९ ऑक्टोबर, बुधवार

फोन: दोन. एक घड्याळजी. दुसरा फोन वाजला तेव्हा मीच झडप घातली. मांडववाला. खुर्च्या नेल्यात पण त्यात एक कमी आहे म्हणाला. मी विचारलं, तुम्ही कधी आमचा कार्यक्रम ऐकता का हो? म्हणाला, तुमचा कार्यक्रम असतो?

येताना सेल घेऊन आलो. चार. स्वयंपाकघरातल्या रेडिओत घातले. ही बघत होती.

३० ऑक्टोबर, गुरुवार

फोन: एक.

बारा वाजेपर्यंत बाईंशेजारी स्टुलावर बसलो. बारा वाजून गेल्यावरही बसलो होतो. बाईंनी कागदावर तीन दिवसांची बेरीज केली. चार. त्यातला मांडववाला वजा.

वाईट वाटलं. लपवून काय करायचं, खूप वाईट वाटलं. एकतीस वर्षं मी हजारो माणसांशी बोलत होतो. त्यांचे चेहरेही मला माहीत होते. एक बाई पोळ्या लाटत ऐकते, एक मास्तर दाढी करत ऐकतात, एक आजोबा खिडकीत बसून. सगळे मीच तयार केलेले.

चार वाजता मतदान. पाच विरुद्ध शून्य. डॉक्टर बाहेर आले, माझा हात धरला आणि म्हणाले, उद्याची सकाळ तुमची, परवापासून कंपनी. दाढ फुकट काढून देईन.

संध्याकाळी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, पिशवीत घातलं आणि जुन्या बाजारात गेलो. दुकानात दोन माणसं उभी राहू शकत नाहीत, म्हणून मी पायरीवर बसलो. घड्याळजींनी मागचं झाकण उघडलं, भिंग लावलं, काहीतरी पुसलं, कसलासा स्क्रू अर्धा फिरवला. पाच मिनिटं. नऊ वर्षांचं भांडण पाच मिनिटांचं होतं.

मी विचारलं, आमचा कार्यक्रम कसा वाटतो? म्हणाले, कार्यक्रम नाही ऐकत. सातचे बीप ऐकून बंद करतो.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

उठलो साडेपाचला! गजराशिवाय. चहा घेतला नाही. संकल्प पूर्ण झाले म्हणायला हरकत नाही.

घड्याळ भिंतीवर. सात वाजता सहा बीप. अगदी बरोबर. मग दोन तास बोललो. शेवटी म्हटलं, मंडळी, उजाडलं. टाळ्यांसाठी थांबायचं असं आधी ठरवलं होतं, तसा थांबलो.

सात वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला नाही. सव्वासातलाही नाही. नऊपर्यंत नाही. तक्रार करायला जागाच ठेवली नव्हती मी, आणि दुसरा फोन करणारा कोणी नव्हता.

घरी आल्यावर हिला विचारलं नाही. आपणहून म्हणाली, बीप द्यायच्या आधी तुम्ही श्वास रोखून धरता, ते ऐकू येतं. एकतीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

उठायचं कारण नव्हतं, पण उठलो. स्वयंपाकघरात रेडिओ लावला. आमच्या फ्रिक्वेन्सीवर गाणं, मग गाणं, मग गाणं. स्वच्छ. खरखर अजिबात नाही.

सातच्या सुमाराला घरचा फोन वाजला. घड्याळजी. म्हणाले, नवीन लोक सात वाजवत नाहीत, गाणं चालू आहे. तुम्ही सांगा.

मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघत थांबलो. काटा बारावर आला तसा घसा साफ केला आणि म्हटलं, सकाळचे सात.

एक मिनिट दहा सेकंद उशीर, म्हणाले. संध्याकाळी येऊन ते घड्याळ बघतो. आणि ठेवला.

हिनं विचारलं, कोणाचा फोन? म्हटलं, श्रोत्याचा.

छान, म्हणाली.